आधी थीम पार्क, मग क्रूझ: सिंगापूरच्या फॅमिली ट्रिपचं नियोजन असं करा

परीक्षा संपत आल्या की घरोघरी एकच विषय निघतो, यंदा सुट्टीत कुठं जायचं? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. गावी, नाहीतर फार तर माथेरान-महाबळेश्वर. आता पोरं मोबाईलवर युनिव्हर्सल स्टुडिओचे व्हिडिओ बघतात, अम्मीला समुद्रात दोन दिवस निवांत बसायचं असतं आणि अब्बा खर्चाचा हिशोब मांडत असतात. दादी मात्र दोनच प्रश्न विचारते: "जहाजावर नमाज कुठं पढायची? आणि खायचं काय?"

आमचं म्हणणं इतकंच, की दादीचे हे दोन प्रश्न आधी सोडवा आणि तिकीट नंतर काढा. एरवी होतं काय, की सगळं बुक होतं आणि तिथं गेल्यावर पोरांना दिवसभर "हे खाऊ नको, तिथं जाऊ नको" एवढंच ऐकावं लागतं. लाखो रुपये खर्च करून पोरांच्या लक्षात फक्त हे "नको" राहिलं, तर उपयोग काय?

सिंगापूरच का?

मुंबईहून साधारण साडेपाच तासांचं विमान. थीम पार्क आणि क्रूझ टर्मिनल एकाच छोट्या शहरात. शिवाय इथल्या लोकसंख्येत मुस्लिम साधारण 15 टक्के आहेत आणि बहुतेक शाफई मसलकचे आहेत, म्हणजे आपल्या कोकणी मुस्लिमांसारखेच. हलाल प्रमाणपत्र देण्याचं काम 'मुईस' ही इस्लामी धार्मिक परिषद करते. ती 1968 पासून काम करते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात दर्शनी लावलेलं असतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काही दुकानांवर 'नो पोर्क, नो लार्ड' अशी पाटी असते. त्याचा अर्थ हलाल असा होत नाही. तिथं डुकराचं मांस नाही, एवढंच ती पाटी सांगते. मुईसचं प्रमाणपत्र बघा, मगच ऑर्डर द्या.

आधी पार्क, मग जहाज

हा क्रम उलटा करू नका. पार्कमध्ये दिवसभर चालणं, ऊन, रांगा असतात आणि पोरं दमतात. नंतर जहाजावर सगळ्यांना आराम मिळतो. दुसरं कारण पावसाचं. सिंगापुरात वर्षभर कधीही सर येते आणि विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राईड्स थांबवतात. म्हणून एक दिवस हातात राखून ठेवा. तिसरं कारण, जहाज कुणासाठी थांबत नाही. ज्या दिवशी जहाज सुटणार, त्याच दिवशी सकाळी मुंबईहून उतरायचा बेत करू नका. विमानाला उशीर झाला तर क्रूझचे पैसे गेलेच म्हणून समजा.

आमच्या मते सोयीचा आराखडा असा:

- पहिला दिवस: पोहोचणं, आराम, संध्याकाळी कंपोंग ग्लाम. तिथली सुलतान मशीद बघा, मग्रिब तिथंच पढा. समोरच 1908 पासूनचं झमझम हॉटेल आहे. तिथला मुर्तबाक आणि बिर्याणी पोरांना आवडेल.
- दुसरा दिवस: सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओ.
- तिसरा दिवस: राखीव. पार्क पावसात बुडालं तर पुन्हा पार्क, नाहीतर बागा आणि खरेदी.
- चौथा दिवस: दुपारी जहाजावर. दोन किंवा तीन रात्री.
- परतीचा दिवस: जहाजावरून उतरून संध्याकाळचं किंवा रात्रीचं विमान. सकाळचं विमान घेऊ नका.

पार्कचा दिवस

शक्यतो सोमवार ते गुरुवार जा. जूनमध्ये सिंगापूरच्या शाळांनाही सुट्टी असते, त्यामुळे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत, महिनाअखेरीच्या आधी गेलात तर बरं. काही राईड्सना उंचीची अट आहे. 'रिव्हेंज ऑफ द ममी'साठी 122 सेंटीमीटर, 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'साठी 125. घरीच भिंतीला लावून उंची मोजा आणि पोराला आधीच सांगा. दीड तास रांगेत उभं राहून परत फिरावं लागलं की रडारड ठरलेली.

नमाजचं काय?

सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे वेळा वर्षभर फारशा बदलत नाहीत. जोहरची वेळ साधारण दुपारी 1 वाजता सुरू होते, मग्रिब संध्याकाळी 7 च्या आसपास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे.

प्रवासात कस्र आहे, म्हणजे चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकाती. हनफी मसलकात एका ठिकाणी 15 दिवसांपेक्षा कमी मुक्कामाची नियत असेल तर माणूस मुसाफिरच राहतो. शाफई मसलकात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याची नियत केली तर तो मुकीम होतो. वरच्या आराखड्यात सिंगापूरचा मुक्काम त्याहून कमी आहे. शाफई कुटुंबांना जोहर-असर आणि मग्रिब-इशा एकत्र पढण्याचीही सवलत आहे, पार्कच्या दिवशी तिचा मोठा आधार होतो. हनफी कुटुंबांनी जोहर शेवटच्या वेळेत आणि असर सुरुवातीच्या वेळेत पढली तर दोन्ही एका बैठकीत होतात. निघण्याआधी आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना एकदा विचारून घ्या.

जहाजावर मोबाईलच्या किब्ला ॲपवर डोळे झाकून विसंबू नका. जहाज पोलादी असतं, त्यामुळे होकायंत्राची सुई भरकटते. केबिनच्या टीव्हीवर नकाशा दिसत असेल तर जहाज कुठल्या दिशेनं चाललंय ते बघा, नाहीतर रिसेप्शनवर विचारा. या भागात किब्ला पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडं आहे. उभं राहता येत असेल तर उभं राहून पढा, चक्कर येत असेल तर बसून.

जहाजावरचं खाणं आणि वातावरण

2022 पासून सिंगापूरहून सुटणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम' या जहाजाला इस्लामी देशांच्या संघटनेच्या मानकांनुसार हलाल-फ्रेंडली प्रमाणपत्र मिळालं आहे. जहाज 2016 चं आहे, प्रवासी साधारण 3,300. पण एक बाब नीट समजून घ्या. त्याचा अर्थ जहाजावरचं सगळंच हलाल असा होत नाही. त्याच जहाजावर दारूचे बार आणि कॅसिनोही आहेत. म्हणून बुकिंगच्या वेळी "हलाल मिळतं का?" एवढंच विचारू नका. "कुठल्या रेस्टॉरंटला प्रमाणपत्र आहे आणि तिथलं जेवण भाड्यात धरलंय की पैसे वेगळे?" असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

केबिन निवडताना जहाजाचा नकाशा मागून घ्या. नाचगाण्याच्या हॉलखालची किंवा वरची खोली नको. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन बरी, तिथं हेलकावे कमी जाणवतात. बाथरूम छोटं असतं, तेव्हा एक रिकामी बाटली किंवा मग सोबत ठेवा.

कागदपत्रं आणि सामान

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत काढा आणि तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, ते तपासा, कारण जहाजातून परत येताना तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करता. एसजी अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते मोफत आहे. त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. जहाज मलेशियाच्या बंदरावर थांबणार असेल तर तिथले नियमही विचारा. घरात कुणी गरोदर असेल किंवा सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर क्रूझ कंपनीचे नियम आधी वाचा.

घरून कबाब, खिमा बांधून नेऊ नका. मांसाचे पदार्थ नेण्यावर निर्बंध आहेत. चघळायचा तंबाखू, गुटखा आणि च्युइंगम नेण्यावरही तिथं बंदी आहे. चाचा-मामांच्या खिशातली पुडी विमानतळावर महागात पडेल.

पैशाचा हिशोब

क्रूझच्या जाहिरातीतला आकडा बहुतेकदा एका केबिनमधल्या दोघांपैकी एकाचा असतो. बंदर शुल्क आणि दर रात्रीची बक्षिसी त्यात धरलेली नसते. समुद्रात मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर रोमिंगचं बिल बघून धक्का बसेल.

आणि शेवटचं, पण आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. ट्रिपसाठी व्याजाचं कर्ज काढू नका. सूद देऊन घेतलेली मजा घरी आल्यावरही वर्षभर हप्त्यांतून फेडावी लागते. वर्षभराची बिनव्याजी भिशी लावा. यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी जा. घरात कुणावर हज फर्ज झालेली असेल, तर आधी तिचे पैसे बाजूला काढा, पोरांनाही ते समजावून सांगा. पोरं समजून घेतात.

हे सगळं आधी ठरलेलं असलं, की जहाजाच्या डेकवर दादी निवांत तसबीह घेऊन बसते आणि पोरांना कुणी "नको" म्हणत नाही. इन्शाअल्लाह, तुमची ट्रिप अशीच होवो.