ओठ थांबले, आवाज चालूच!

रात्रीचे दोन. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घुमतोय आणि कॉफीचा तिसरा मग रिकामा. टाइमलाइनवर आजोबांची मुलाखत आहे. ऐंशी पार केलेला माणूस दीड तास मनापासून बोललाय. गिरणीतल्या दिवसांबद्दल, १९८२ च्या संपाबद्दल, मध्येच आजीबद्दल. पहिल्या मिनिटाला सगळं झक्कास. चाळिसाव्या मिनिटाला मात्र आजोबांचे ओठ मिटले तरी शब्द येतच आहेत. डब केलेल्या साउथच्या पिक्चरसारखे!

ओळखीचा वाटतोय ना हा सीन? वाटणारच. हल्ली प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण ऑफिस सांभाळून पॉडकास्ट करत असतो, दुसरा मित्रांच्या लग्नाच्या फिल्म्स कापत असतो. कॅमेरा खिशातच आहे, डाविंची रिझॉल्व्हसारखं तगडं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण स्टुडिओत साउंडवाला, लाइटवाला, असिस्टंट अशी चार माणसं जे सांभाळायची, ते आता तुम्हा एकट्याच्या डोक्यावर. आणि सप्तपदीला रीटेक नसतो बॉस! आजोबांनाही तोच किस्सा पुन्हा तसाच सांगा म्हटलं, तर ते सांगतील, पण तसा नाही.

फंडा साधा आहे. एडिटवर दिसणारा प्रॉब्लेम बहुतेक वेळा एडिटचा नसतोच, तो शूटच्या दिवशीच जन्माला आलेला असतो. म्हणून आधी रोग ओळखायचा, मग माउसला हात लावायचा.

दोन घड्याळं, एक आजोबा

आवाज आणि ओठ जुळत नाहीत, याचे तीन प्रकार असतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक तेवढाच असेल तर नशीबवान आहात. ऑडिओ क्लिप चार फ्रेम मागेपुढे सरकवा आणि झोपा. फरक मध्येच वाढतो, मध्येच कमी होतो, असं असेल तर संशयित तुमचा फोन. फरक हळूहळू, पण एकाच दिशेने वाढत जात असेल तर भांडण दोन यंत्रांच्या घड्याळांचं आहे.

आधी फोन. सेटिंगमध्ये ३० फ्रेम्स लिहिलेलं असलं तरी बरेच फोन प्रत्येक सेकंदाला बरोब्बर ३० फ्रेम्स घेतातच असं नाही. खोलीत उजेड कमी झाला, की सेन्सरला प्रकाश जास्त वेळ गोळा करावा लागतो आणि फ्रेम्सची संख्या खाली येते. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. एडिटिंग सॉफ्टवेअर बिचारं सगळ्या फ्रेम्स सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतं आणि घोळ तिथे होतो. उपाय फुकट आहे. फाइल टाइमलाइनवर घेण्याआधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढायची आणि व्हिडिओच्या टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायचं. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. अर्धं एडिट झाल्यावर जाग आली, तर सगळे कट पुन्हा जुळवत बसावं लागतं. पुढच्या वेळी ब्लॅकमॅजिक कॅमेरासारख्या फुकट अॅपमध्ये फ्रेम रेट आणि शटर दोन्ही लॉक करून शूट केलंत, तर हा त्रास मुळातच बराच कमी होतो.

आता घड्याळांचं भांडण. कॅमेरा आणि वेगळा ऑडिओ रेकॉर्डर, दोघांच्या पोटात आपापला क्वार्ट्‌झ क्रिस्टल असतो. दोन क्रिस्टल कधीच अगदी सारखे चालत नाहीत. फरक दहा लाखांत पन्नास इतकाच धरा. ऐकायला काहीच नाही. पण दीड तासात तो पाव सेकंदाच्या पुढे जातो, म्हणजे २५ फ्रेम्सच्या हिशोबाने जवळजवळ सात फ्रेम्स. एवढ्यात आजोबांचं वाक्य संपून ओठ मिटलेले असतात.

यावरचा उपाय बोलपटांच्या काळापासूनचा आहे. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ला ही डोकेदुखी नव्हती, कारण तो मूकपट. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला आणि चित्र-आवाज जुळवण्याचं काम आपल्याकडेही सुरू झालं. क्लॅप हवाच! लाकडी पाटी नसेल तर कॅमेऱ्यासमोर एक कडक टाळी वाजवा. फक्त एक सुधारणा करा, सुरुवातीला एक आणि शेवटी एक. पहिली टाळी जुळवली की शेवटची टाळी किती फ्रेम्स सरकली आहे ते लगेच दिसतं. मग रेट स्ट्रेचने ऑडिओ तेवढाच लांबवायचा किंवा आखडायचा. एवढ्या किरकोळ ताणाने आवाजाची पट्टी बदललेली कुणाला कळत नाही. शेवटची टाळी राहून गेली असेल तर दर दहा मिनिटांनी, आजोबा श्वास घेतात त्या शांततेत कट मारून ऑडिओ एखादा फ्रेम सरकवा. कंटाळवाणं आहे, पण हमखास चालतं. आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक कधीही बंद करू नका. तो भिकार आवाजच पुढे वेव्हफॉर्म जुळवायला कामी येतो.

न्यू जर्सीच्या मावशीने पाठवलेल्या क्लिप्सचं गणित आणखी वेगळं. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं स्टँडर्ड ठरलं, तेव्हा ३० फ्रेम्सचे २९.९७ झाले आणि ते लफडं आजही चालू आहे. कुणी ते चित्र जबरदस्तीने ३० वर चालवलं आणि आवाज मूळ वेगातच ठेवला, तर तासाला ३.६ सेकंदांची तफावत. मावशीला एवढंच सांगा, की क्लिप व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठव. नाहीतर क्वालिटीचा पार भुगा होतो.

जाता जाता एक गंमत. आवाज थोडा मागे राहिला तर आपण चालवून घेतो, पण ओठांच्या आधी आला तर लगेच खटकतं. कारण आयुष्यभर आपण तेच बघत आलोय. मिरवणुकीत ३४ मीटरवरचा ढोल आपल्याला टिपरू पडताना आधी दिसतो आणि साधारण एक दशांश सेकंदाने ऐकू येतो. म्हणजे अगदीच अडलात, तर चूक उशिराच्या बाजूला ठेवा.

वीज आपली, ट्युटोरियल त्यांचं

खोलीतल्या एलईडीखाली शूट केलं आणि भिंतीवर काळपट पट्टे वरखाली सरकताना दिसले? कॅमेरा बिघडलेला नाही. तुम्ही अमेरिकन यूट्यूबरचं ऐकलंत! त्यांच्याकडे वीज ६० हर्ट्‌झची, आपल्याकडे ५०. आपले बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात, आणि शटर त्या तालात नसेल तर पट्टे येतात. त्यामुळे ‘१/६० ठेवा’ हा सल्ला त्यांच्या घरात बरोबर आणि आपल्या घरात चूक. आपल्याकडे शटर १/५० किंवा १/१००, आणि फ्रेम रेट शक्यतो २५. आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू केलं की २५ चा पर्याय दिसतो.

डिमर लावलेला स्वस्त एलईडी मात्र या नियमालाही जुमानत नाही. अशा वेळी डिमर फुल ठेवा आणि दिवाच दोन पावलं लांब न्या. शूट झालंच असेल तर रिझॉल्व्हच्या पैसेवाल्या आवृत्तीत डीफ्लिकर आहे, बऱ्यापैकी सुधारतं. पण सरकते जाड पट्टे चेहऱ्यावर असतील, तर पूर्ण जातील या भ्रमात राहू नका.

गोदडी झिंदाबाद

चित्र थोडं डळमळीत असलं तरी लोक बघतात. आवाज घुमला की दहाव्या सेकंदाला बोट वर सरकतं. तरीही आपण लेन्सवर पन्नास हजार घालतो आणि माइक म्हणून कॅमेऱ्याचाच कान वापरतो. कमाल आहे!

माइक तोंडापासून एक वीतभर, फार तर दीड. अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमा तेवढाच राहतो. फ्लॅटच्या गुळगुळीत भिंती आणि टाइल्स आवाज उडवतात, म्हणून कॅमेऱ्याच्या मागे आणि फ्रेमबाहेर बाजूला आजीच्या गोदड्या टांगा. महागड्या फोमच्या पातळ तुकड्यांपेक्षा जाड गोदडी कित्येकदा सरस ठरते. पंखा, एसी, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून बाइकची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती.

लेव्हलचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या. शून्याला टेकून फाटलेला आवाज सहसा शिवता येत नाही. मागे बारीक ‘हूंऽऽ’ ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. एआयवाली टूल्स घुमा काढतात, मान्य. पण जोर जास्त लावलात तर आजोबा बातम्या वाचल्यासारखे वाटू लागतात. त्यांच्या घशातली खरखरच तर ठेवायची होती ना?

अडखळणारी टाइमलाइन

फोर-के फाइल टाकली की लॅपटॉप गाढवासारखा अडून बसतो. रॅमला शिव्या देण्याआधी हे समजून घ्या. एच.२६५ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. ‘मागच्यासारखंच, फक्त ओठ हलले’ अशा नोंदी असतात, आणि दर वेळी प्लेहेड हलवलात की मशीनला सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. प्रॉक्सी बनवा, म्हणजे हलक्या कॉपीवर एडिट आणि शेवटी मूळ फाइलवरून एक्स्पोर्ट. रात्री लावून झोपा, सकाळी तयार.

आणि जेव्हा फाइलच नसते

जुन्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप बंद पडतं. युरोपातल्या जकातीचा तो प्रताप, अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की कॅमेरा ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरून कर वाढायचा. तिकडच्या कराने इकडची मंगलाष्टकं अर्धवट राहायला नकोत. अंतरपाट धरायच्या आधी एकदा थांबवून पुन्हा चालू करा.

बॅकअपचं प्रवचन सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून एकच गोष्ट सांगतो. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये एका चुकीच्या कमांडने ‘टॉय स्टोरी २’ च्या बहुतेक फाइल्स उडाल्या आणि बॅकअपही नीट निघाला नाही. पिक्चर वाचला तो टेक्निकल डायरेक्टर गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर घरून काम करताना त्यांनी घरी एक कॉपी ठेवली होती. तर तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी. आणि कार्डवरच्या नुसत्या क्लिप्स वेचू नका, अख्खा फोल्डर उचला. काही कॅमेरे लांब शॉट चार-चार जीबीच्या तुकड्यांत तोडतात.

चुकून कार्ड फॉरमॅट झालंच तर त्याच क्षणी ते कॅमेऱ्यातून बाहेर. त्यावर एकही नवा शॉट नको, कारण पुसलेल्या फाइल्स नवीन काही वर लिहिलं जाईपर्यंत बहुधा तिथेच असतात. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्या शोधून देऊ शकतं. शूट चालू असताना बॅटरी गेली आणि फाइल उघडतच नसेल, तरी ती डिलीट करू नका. चित्र-आवाज आत असतो, हरवलेली असते ती फाइलची अनुक्रमणिका, जी रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगवर मिनिटभराची एक धडकी क्लिप शूट करा आणि अनट्रंक नावाच्या टूलला दोन्ही द्या. चांगल्या क्लिपचा आराखडा बघून ते मोडकी फाइल जोडायचा प्रयत्न करतं. सेटिंग बदलण्याच्या आत ही क्लिप घेऊन ठेवा, जेवणाच्या पंगती उठायची वाट बघू नका.