दीर्घकालीन हिपॅटायटिस बी : उपचार व देखरेख

दीर्घकालीन हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य संसर्ग आहे. रक्तात या विषाणूचे पृष्ठ-प्रतिजन ६ महिन्यांहून अधिक काळ आढळल्यास संसर्ग दीर्घकालीन मानला जातो. विषाणूचे जनुकीय द्रव्य यकृतपेशींच्या केंद्रकात टिकून राहते. त्यामुळे टेनोफोव्हिर, एन्टेकॅव्हिर ही औषधे विषाणूची वाढ रोखतात. समूळ नाश मात्र क्वचितच होतो.

प्रत्येक रुग्णाला औषध लागत नाही. नियमित तपासणी मात्र सर्वांना आवश्यक असते. तीत यकृतातील विकरे व रक्तातील विषाणूंचे प्रमाण पाहतात. सिऱ्होसिस असल्यास कर्करोग लवकर ओळखण्यासाठी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करतात. टेनोफोव्हिर घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडाचे कार्यही तपासले जाते.

अहवाल चांगला आला म्हणून परस्पर औषध थांबवल्यास विषाणू पुन्हा वाढून यकृत निकामी होऊ शकते. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतरात असा खंड पडण्याचा धोका असतो. म्हणून निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या सोबत घेणे महत्त्वाचे ठरते.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत देण्याची तरतूद आहे. नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे.