बॉक्सहॉलची जागा

टायटॅनिकचा चौथा अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल एप्रिल १९६७मध्ये वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी वारला. आपली रक्षा उत्तर अटलांटिकमध्ये ४१ अंश ४६ मिनिटे उत्तर, ५० अंश १४ मिनिटे पश्चिम या ठिकाणी सोडावी, अशी त्याची इच्छा होती. जूनमध्ये क्यूनार्ड कंपनीच्या जहाजावरून ती पुरी केली गेली.

हे आकडे त्यानेच मांडलेले होते. १४ एप्रिल १९१२च्या रात्री ११.४०ला हिमनगाची धडक बसली. कप्तान स्मिथने बिनतारी खोलीत दिलेले पहिले स्थान बॉक्सहॉलने सुधारले: संध्याकाळचे ताऱ्यांचे वेध, २२ नॉटचा वेग आणि मधले तास यांचे गणित करून. मदतीच्या हाकेबरोबर पुढे हेच स्थान जगभर गेले.

गणित चुकले होते. ‘माउंट टेम्पल’ जहाजाच्या कप्तानाने त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या चौकशीत सांगितले होते, की टायटॅनिक बरीच पूर्वेला असली पाहिजे; एवढा बर्फाचा पट्टा ओलांडून ती पश्चिमेला गेली कशी असेल? सप्टेंबर १९८५मध्ये अवशेष सापडले, ते बॉक्सहॉलच्या जागेपासून पूर्वेकडे, सुमारे १३ सागरी मैलांवर.

मग कार्पेथिया पोचली कशी? ती आग्नेयेकडून येत होती, आणि चुकीच्या स्थानाकडे जाणाऱ्या तिच्या वाटेवरच होड्या तरंगत होत्या. दोन नंबरच्या होडीतून आपल्या चंद्रज्योतींसारख्या हिरव्या ज्योती पेटवणारा माणूस खुद्द बॉक्सहॉल होता. त्या उजेडाच्या रोखाने कार्पेथिया आली. मला तर वाटते, त्या रात्रीचे त्याचे खरे काम हेच; पण खलाशाला आपले आकडेच जवळचे, त्याला काय करणार!

पण इच्छा नेमकी कशाची होती? बुडालेल्या जहाजाजवळ विसावण्याची, की स्वतः ठरवलेल्या बिंदूवर? १९६७मध्ये हा प्रश्नच नव्हता. दोन्ही एकच मानले जात. टायटॅनिकवर बारा वर्षांची असलेली रूथ बेकर १९९०मध्ये वारली. तिची रक्षा १९९४मध्ये सोडली तेव्हा खरी जागा ठाऊक होती, ती अवशेषांच्या वरच सोडली गेली. बॉक्सहॉलला मात्र आज कुणी १३ मैल पूर्वेला नेले असते, तर ते त्याचे ऐकणे झाले नसते, असे माझे मत. त्याने मागितलेल्या जागेखाली जहाज नाही. तरी १९१२च्या त्या रात्री मदतीला धावलेल्या जहाजांनी रोख धरला होता, तो तिथलाच.