आमसुलाची गोळी आणि पोटाचा घेर

मागच्या महिन्यात आत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका डबीचा फोटो पाठवला. हिरवं पान, कमरेला टेप गुंडाळलेली बाई आणि ‘शंभर टक्के हर्बल’. घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं ‘गार्सिनिया कॅम्बोजिया अर्क’. खाली आत्याचा प्रश्न : “घेऊन बघू का गं?”

आत्या रत्नागिरीची. तिच्या फडताळात आमसुलांची बरणी कधी रिकामी नसते. हा गार्सिनिया म्हणजे आमसुलाचं भावंड. केरळात माशांच्या कालवणात आंबटपणासाठी कुडमपुळी घालतात, ती याच्याच फळाची साल. आपलं कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. दोघांच्याही सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं आणि डबीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे : हे आम्ल शरीरात चरबी तयार होऊ देत नाही, असा दावा.

दावा हवेतून आलेला नाही. पिठूळ पदार्थांपासून चरबी बनवणाऱ्या एका विकराला हे आम्ल अडवतं, आणि उंदरांमध्ये त्याचा परिणाम दिसलाही होता. माणसाचं गणित मात्र वेगळं आहे. रोजच्या जेवणातल्या भातापोळीपासून आपलं शरीर नवी चरबी फारशी बनवत नाही. साठते ती बहुतांशी जेवणातल्या तेलातुपातूनच आलेली. १९९८ साली न्यू यॉर्कमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १३५ जाड माणसं, बारा आठवडे, सगळ्यांना सारखाच कमी उष्मांकांचा आहार. काहींना रोज दीड ग्रॅम हे आम्ल, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. खरी गोळी घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं, खोटी घेणाऱ्यांचं ४.१ किलोने! हा फरक योगायोगाचा म्हणून सोडून द्यावा इतपतच होता, पण गोळी काही जिंकली नाही. वजन उतरवलं ते आहाराने.

“नाही उतरलं तर नाही, अपाय तर होणार नाही ना? झाडपाल्याचंच आहे.” हे आत्याचं पुढचं वाक्य, आणि मला त्या डबीपेक्षा याचीच धास्ती जास्त वाटते. धोत्राही झाडपालाच की. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांच्या गटाला गार्सिनियाशी संबंधित २२ रुग्ण सापडले. त्यातल्या बहुतेकांच्या गोळ्यांत ग्रीन टीचा अर्कही मिसळलेला होता. आता ग्रीन टी कपातून पिणं वेगळं आणि त्याचा अर्क कॅप्सूलमधून घेणं वेगळं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, की ग्रीन टी पिण्यातून त्यातलं ईजीसीजी हे रसायन साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम रोज पोटात जातं. पूरक गोळ्यांतून ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्ततपासणीत दिसू लागतात. सोलकढीच्या वाटीलाही हेच लागू. खाण्याचा पदार्थ आणि त्याचा अर्क यांत मात्रेचा फरक असतो, आणि विष ठरतं ते मात्रेवर.

“पण शेजारच्या सुनेचं महिन्यात चार किलो उतरलं!” उतरलं असेलही. अशा वेळी दोन शक्यता आधी तपासाव्यात. ‘स्लिमिंग टी’त बऱ्याचदा सोनामुखी असते, म्हणजे आपलं जुनं जुलाबाचं औषध. ते काम करतं मोठ्या आतड्यात. जेवणातले उष्मांक त्याआधीच लहान आतड्याने शोषून घेतलेले असतात. बाहेर पडतं ते पाणी आणि पोटॅशियमसारखे क्षार. काटा खाली येतो, चरबी जागच्या जागी. दुसरी शक्यता अधिक वाईट : हर्बल म्हणून विकलेल्या गोळीत गुपचूप मिसळलेलं सिब्युट्रामीन. भूक मारणारं हे औषध हृदयाला घातक ठरल्यामुळे अमेरिकेत २०१० मध्ये मागे घेतलं गेलं, भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तरीही जगभर ‘नैसर्गिक’ गोळ्यांच्या तपासणीत ते सापडत राहिलं. म्हणून झाडपाल्याची गोळी झपाट्याने गुण देऊ लागली, की आनंदाआधी संशय यायला हवा.

गोळ्यांसारखीच पोट उतरवण्यासाठी सुचवली जाणारी इसेन्शियल ऑइल, त्यांची गोष्ट थोडक्यात आटोपते. या नावाचा ‘आवश्यक’शी संबंध नाही, अर्थ एवढाच, की वनस्पतीच्या सुवासाचा काढलेला अर्क. घराघरातलं निलगिरीचं तेल हे त्यातलंच. पोटावर पुदिन्याचं किंवा आल्याचं तेल चोळलं की गार किंवा गरम वाटतं, ती कातडीची जाणीव; खालची चरबी वितळत नाही. चरबी जाते ती जळून, आणि बरीचशी श्वासावाटे. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून बाहेर पडते, उरलेलं पाणी होतं. वर प्लास्टिक गुंडाळून घाम काढला, तर तो दोन तांबे पाण्याने भरून निघतो. ग्रेपफ्रूटच्या वासाने भूक मंदावल्याचा जपानी प्रयोग जाहिरातवाले मोठ्या कौतुकाने सांगतात. तो उंदरांवरचा होता, हे सांगायचं राहून जातं. कोमट पाण्यात तेलाचे थेंब घालून पिण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, तीव्र थेंब तसाच घशाला लागतो. निलगिरीचं तेल थोडंसं पोटात गेलं तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात.

शेवटी आत्याने डबीवरचा एफएसएसएआयचा क्रमांक दाखवला : “सरकारने पास केलंय.” तो चौदा आकडी क्रमांक उत्पादकाच्या परवान्याचा असतो, गोळीच्या गुणाचा दाखला नव्हे. उलट अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे इंग्रजीत छापणं बंधनकारक आहे. आत्याने चष्मा लावून शोधलं, सापडलं. शिवाय लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे.

आत्याने डबी घेतली नाही. तुमच्या घरात आधीच आली असेल आणि डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर गोळी त्याच दिवशी थांबवा. डॉक्टरकडे जाताना डबी सोबत न्या, आणि मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं सांगता तसं हिचंही नाव सांगा.