मेजावरील झेलम : लघुमूर्तींचे युद्धखेळ आणि प्राचीन सेनांचे दर्शन



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांस इतिहास शिकवीत. झेलमच्या काठची लढाई शिकविताना त्यांनी फळ्यावर निळ्या खडूने नदी काढली, तिच्या एका अंगास पोरसचे हत्ती म्हणून ओळीने पांढरी वर्तुळे काढली. तेव्हा कोणी तरी विचारले, "गुरुजी, दोन हत्तींमध्ये अंतर किती?" गुरुजी थोडे थांबले आणि म्हणाले, "फळ्यावर मावेल तेवढे." वर्ग हसला. त्या उत्तरात केवढा प्रश्न दडला होता, हे मला साठ वर्षांनी, तेही इंग्लंडात, उमगले.

दिवाळीतील किल्ला बेळगावकरांना नव्याने सांगायला नको. माथ्यावर सिंहासनारूढ महाराज, उतारावर हळीव आणि मोहरीची हिरवळ, बुरुजांवर मातीचे मावळे. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि तोफ घराएवढी असते, पण त्याचे आपणांस काही वाटत नाही, कारण किल्ला ही भक्तीची वस्तू आहे. पाश्चात्त्य देशांत मात्र असे मूर्तींचे खेळ प्रौढ माणसे नियम, फूटपट्टी आणि फासे घेऊन खेळतात, आणि तेथे दरवाजाची उंची हा वादाचा विषय होतो.

या खेळाचा एक पूर्वज प्रशियाच्या सैन्यात सापडतो. राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात नकाशावरील युद्धखेळ सिद्ध केला आणि तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचे साधन बनला. दुसरा पूर्वज म्हणजे कादंबरीकार एच. जी. वेल्स. त्यांचे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ साली निघाले. खेळण्यातील तोफांनी शिशाचे शिपाई पाडण्याची ती नियमावली होती. खरे युद्ध किती मूर्खपणाचे असते, हे अशा खेळाने कळावे, असाही त्यांचा हेतू होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. प्राचीन सेनांकडे वळलेल्या खेळाडूंची 'सोसायटी ऑफ एन्शंट्स' ही संस्था १९६५ साली ब्रिटनमध्ये स्थापन झाली, आणि फिल बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ पासून नियमावल्या रचून या छंदास अभ्यासाचे वळण दिले.

काही वर्षांपूर्वी कन्येकडे इंग्लंडला गेलो असता जावईबापूंनी मला अशा एका मंडळात नेले. सहा फूट लांब, चार फूट रुंद मेज, त्यावर हिरवे कापड, निळ्या पट्टीची नदी आणि दोन्ही अंगांस बोटभर उंचीचे रंगविलेले योद्धे. लढाई झेलमचीच होती, इसवी सनपूर्व ३२६ची. यजमानांनी मला भारतीय म्हणून मोठ्या अगत्याने विचारले, "तुमचे किती हत्ती मांडू?" आणि मी निरुत्तर झालो.

या निरुत्तरतेचे कारण असे की, आपल्या प्राचीन वाङ्मयात या लढाईचा उल्लेखच नाही. जे आहे ते ग्रीक आणि रोमन लेखकांचे, तेही घटनेनंतर सुमारे तीनशे ते साडेचारशे वर्षांनी लिहिलेले. आरियन पोरसचे २०० हत्ती सांगतो, डायोडोरस १३०, तर कर्टियस ८५. पायदळ आरियनच्या मते ३०,०००, डायोडोरसच्या मते ५०,०००, प्लुटार्कच्या मते २०,०००. वाचकाला हे आकडे खपून जातात. आपण 'प्रचंड सेना' असे म्हणतो आणि पान उलटतो. मेजावर मूर्ती मांडणाऱ्यास ती सोय नाही. त्याला आकडा निवडावाच लागतो.

निवडल्यानंतरची अडचण मोजमापाची. प्रचारातील मूर्ती २८ मिलिमीटरची असते, म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारे साठावा भाग. याच प्रमाणात जमीन धरली, तर २०० मीटरचा बाणाचा पल्ला मेजावर अकरा फुटांचा होईल. धनुर्धर एका खोलीत आणि शत्रू शेजारच्या! म्हणून जमिनीचे प्रमाण निराळे धरतात, समजा एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर. त्यामुळे पल्ला आवाक्यात येतो, पण मूर्ती जमिनीच्या मानाने राक्षसी होतात. मॅसिडोनियाचे भालाईत सोळा ओळी खोल उभे राहिले, तर ती खोली जेमतेम सोळा मिलिमीटर भरायला हवी. मूर्तींच्या दोनच ओळींच्या बैठका तिच्या दुपटीहून अधिक जागा घेतात. नऊ सेंटीमीटरचा हत्ती तर नव्वद मीटर जमीन व्यापून बसतो. म्हणून एक मूर्ती म्हणजे वीस माणसे, असे काही तरी प्रमाण ठरवितात आणि डोळ्यांना दिसते ते खरे नव्हे, हे सतत मनात बाळगून खेळतात. आपल्या किल्ल्यावरचा मावळा आठवतो तो येथे.

परंतु ही अडचणच कधी कधी दिवा होते. आरियन म्हणतो की, पोरसचे हत्ती एकमेकांपासून निदान शंभर फुटांवर, म्हणजे सुमारे तीस मीटरवर, उभे होते. २०० हत्तींची रांग मग सहा किलोमीटरची होते. हाच लेखक अलेक्झांडरबरोबर नदी उतरलेले पायदळ सहा हजारांच्या आसपास सांगतो. ते सगळे आठ ओळी खोल उभे केले, तरी त्यांची आघाडी पाऊण किलोमीटरच भरते. मेजावर एकीकडे सहा मीटर हत्ती, समोर पाऊण मीटर भालाईत! ८५ हत्ती धरले, तरी रांग अडीच किलोमीटरची. हत्ती कमी असतील, अंतर कमी असेल, किंवा नदी उतरलेले पायदळ अधिक असेल. कोठे तरी काही जुळत नाही. मी आरियन दोनदा वाचला होता, तरी ही विसंगती मला कधी जाणवली नव्हती. फूटपट्टी हाती घेतल्याशिवाय ती जाणवतही नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक फिलिप सॅबिन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या 'लॉस्ट बॅटल्स' या ग्रंथात प्राचीन लढाया एकाच नियमचौकटीत बसवून परस्परांशी ताडून पाहिल्या, त्यामागे हीच दृष्टी आहे.

आपले अक्षौहिणीचे गणित या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, म्हणजे एकास एक, तीन आणि पाच. गणित इतके नीटनेटके की, ते शिबिरातून आले नसून पाठशाळेतून आले असावे, असे माझे मत आहे. ज्यांना राग येईल त्यांनी क्षमा करावी.

आता रूपाकडे येऊ. आपल्याकडच्या कित्येक चित्रांत पोरसच्या हत्तीवर अंबारी असते. वस्तुतः भारहूत आणि सांची येथील शिल्पांत योद्धे हत्तीच्या पाठीवर मांड ठोकून बसलेले दिसतात. हत्तीवर किती माणसे, हेही निश्चित नाही. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला मेगॅस्थिनिस माहुताखेरीज तीन धनुर्धर सांगतो; अलेक्झांडरच्या काळच्या मानल्या जाणाऱ्या प्रसिद्ध चांदीच्या नाण्यावर एका घोडेस्वारापुढून जाणाऱ्या हत्तीवर दोघेच आहेत. रथात कर्टियस सहा माणसे बसवितो, मेगॅस्थिनिस सारथ्यासह तीन. मूर्तिकाराने एकदा साचा केला की, त्याचा निर्णय शेकडो मेजांवर पसरतो आणि पाहणाऱ्यास तोच इतिहास वाटू लागतो. उलट काही तपशील असे की, ते खरे असूनही आपण चित्रात कधी घेतले नाहीत. अलेक्झांडरचा नौसेनापती निआर्कस याच्या आधारे आरियन लिहितो की, हिंदी लोक दाढ्या रंगवीत. कोणाची शुभ्र, कोणाची निळी, तांबडी, जांभळी, हिरवीसुद्धा. त्या मेजावरच्या एका धनुर्धराची दाढी खरोखरच हिरवी होती. मला हसू आले आणि मग आपल्याच अज्ञानाची लाज वाटली.

हाच धनुर्धर नियमकारासही कोड्यात टाकतो. आरियनच्या वर्णनानुसार त्याचे धनुष्य पुरुषभर उंच. ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढायचे. पण त्याच्या कमरेस दोन्ही हातांनी चालवायचे रुंद, लांब खड्गही आहे. मग त्याला धनुर्धर म्हणावे की खड्गधारी? १९९० साली निघालेल्या 'डी बेलिस अँटिक्विटॅटिस' या नियमावलीत तर सगळी सेना अवघ्या बारा पथकांत बसवितात. तेथे प्रत्येक पथकास एकच नाव लागते. कर्टियस म्हणतो, पावसाने जमीन निसरडी झाल्यामुळे ही धनुष्ये टेकेनात. म्हणजे त्या दिवसापुरता धनुर्धर हा धनुर्धर राहिलाच नाही. फाशांच्या खेळात हा चिखल कसा आणावा?

आणि सर्वांत अवघड ते अज्ञान. अलेक्झांडरने ती लढाई फसवणुकीने जिंकली. रोज रात्री खोट्या हालचाली करून त्याने पोरसला कंटाळविले, आणि एका वादळी रात्री छावणीपासून दीडशे स्टेडिया, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटर, वरच्या अंगास जाऊन नदी उतरला. मेजाशी बसलेल्या माणसाला हे सारे ठाऊक असते, आणि त्याला वरून सगळे दिसतही असते. राइसविट्झने यासाठी मध्यस्थ नेमला होता. तो प्रत्येक पक्षास दिसेल तेवढेच सांगे. परंतु वाचलेले विसरायला लावणारा मध्यस्थ कोठून आणावा?

त्या सायंकाळी पोरस मी झालो. यजमानांशी बोलून ८५ हत्ती ठरविले. माझे घोडदळ मी गुपचूप वरच्या अंगास, बरोबर त्या ऐतिहासिक उताऱ्यावर नेऊन ठेवले आणि मनातल्या मनात गुरुजींना नमस्कार केला. समोर जावईबापू अलेक्झांडर होते. त्यांनी माझ्या मांडणीकडे क्षणभर पाहिले आणि छावणीसमोरूनच नदी उतरले.