मूळचा आरसा कोणता?

जग्वार कंपनीने मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप ही गाडी मांडली. स्पोर्ट्स कारच्या इतिहासात एवढे कौतुक फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आले आहे. त्या वेळची छायाचित्रे नीट न्याहाळली तर एक गोष्ट लक्षात येते. गाडीला बाहेरून आरसाच नाही. दारावर नाही आणि मडगार्डवरही नाही. आत, पुढच्या काचेपाशी एक लहानसा आरसा आहे, तेवढाच. बाहेरचा हवा असेल तर गिऱ्हाइकाने तो विक्रेत्याकडून बसवून घ्यावा, असा त्या काळचा रिवाज होता. आज साठ वर्षांनी त्याच गाडीचे पुनरुज्जीवन करणारा मालक 'मला मूळचाच आरसा हवा' म्हणून हटून बसतो, तेव्हा तो नेमके काय मागत असतो?

प्रश्न हौशी लोकांचा वाटेल, पण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तो पोटापाण्याचाही आहे. या पट्ट्यातल्या मोठ्या कंपनीने स्पोर्ट्स कारचा विचार केला नाही असे नाही. टाटांची आरिया रोडस्टर 2000 मध्ये आणि रेसमो 2017 मध्ये, दोन्ही जिनिव्हातच झळकल्या. पण त्या प्रदर्शनातच राहिल्या. जुन्या, नामांकित परदेशी स्पोर्ट्स कार मात्र महाराष्ट्रात आहेत आणि त्यांचे सुटे भाग घडवू शकणारे हात भोसरीपासून चाकणपर्यंत गल्लोगल्ली आहेत. नमुना हातात दिला की साचा, ओतकाम, घासकाम, प्लेटिंग हे सगळे दहा किलोमीटरच्या आत होते. गुंतागुंत इथेच सुरू होते. हुबेहूब भाग बनवणे जितके सोपे होते, तितके 'मूळचा' या शब्दाचा अर्थ ठरवणे अवघड होत जाते.

आधी आरशाचा इतिहास थोडक्यात पाहू. डॉरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारचालक बाईंनी 1909 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, गाडी चालवताना हाताशी छोटा आरसा ठेवावा आणि मागची वर्दळ त्यात पाहावी, असा सल्ला दिला होता. 1911 मध्ये इंडियानापोलिसच्या पहिल्या 500 मैलांच्या शर्यतीत रे हॅरून एकटाच बसून आला. इतरांच्या शेजारी मागे लक्ष ठेवणारा मेकॅनिक होता. हॅरूनने त्याऐवजी आरसा लावला आणि शर्यत जिंकली. म्हणजे आरसा शर्यतीतच नावारूपाला आला. तरीही पुढची पन्नास वर्षे स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांना तो गाडीच्या रेषेत खुपणारी वस्तू वाटत राहिला. सौंदर्याच्या बाबतीत त्यांचे अगदीच चुकत होते असे म्हणवत नाही.

मग आरसे आले कुठून? बरेचसे बाहेरच्या कारखान्यांतून. इंग्लंडमध्ये लुकास, डेस्मो, विंगार्ड यांचे आरसे दुकानात मिळत. इटलीत तुरिनच्या व्हिटालोनीचा 'सेब्रिंग' आरसा अनेक गाड्यांवर दिसे. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवर दोन वेगळे आरसे असणे ही तेव्हाची सर्वसाधारण गोष्ट होती. एक आरसा दारावर असे, दुसरा बॉनेटच्या कडेला मडगार्डवर, आणि जागा ठरे ती भोक पाडणाऱ्या कामगाराच्या अंदाजाने. दोन 'अस्सल' गाड्यांवरच्या आरशांत दोन इंचांचा फरक आढळला तर लबाडीचा संशय घेण्याचे कारण नाही.

नंतर कायदा आला आणि त्याने एकाच गाडीची दोन रूपे केली. अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून चालकाच्या बाजूला बाहेरचा आरसा सक्तीचा झाला. जपानमध्ये उलटा प्रकार होता. तिथे 1983 पर्यंत आरसा मडगार्डवरच हवा, दारावर चालत नसे. त्यामुळे 1969 मध्ये आलेली निसानची फेअरलेडी झेड जपानी रस्त्यांवर मडगार्डच्या आरशांनिशी धावली, आणि तीच गाडी डॅटसन 240झेड या नावाने अमेरिकेत गेली ती दारावरचा आरसा घेऊन. कारखाना एक, साल एक, आणि मूळ रूपे दोन. अमेरिकेतून आणलेल्या 240झेडवर कोणी हौसेने जपानी आरसे चढवले, तर आरसे अस्सल असूनही त्या गाडीपुरते ते खोटेच म्हणावे लागतात.

काचेचीही गोष्ट आहे. अमेरिकी नियमाने चालकाच्या बाजूची काच सपाट असावी लागते. युरोपात बहिर्वक्र, म्हणजे बाहेर फुगलेली काच चालत आली आहे. फुगीर काचेत जास्त रुंद दृश्य मावते, पण मागची गाडी लहान दिसते आणि म्हणून आहे त्यापेक्षा लांब वाटते. बाहेरची खोळ जुनी आणि आत आजची फुगीर काच, अशी जोडणी सर्रास केली जाते. पाहणाऱ्याला ती कळत नाही. चालवणाऱ्याला मात्र ओव्हरटेक करताना कळते.

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर आयातीवरचे निर्बंध वाढत गेले आणि परदेशी गाड्यांचे सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. एमजी असो की जग्वार, आरसा तुटला की मालक जे मिळेल ते लावी: फिअटचा, अँबेसेडरचा, पुण्याच्या जुन्या बाजारात पथारीवर सापडलेला. शिवाय अनेक वर्षे आपल्याकडे स्वस्त गाड्यांना एकच आरसा येत असे, उजवा. डावा म्हणजे चैन. मारुती 800 च्या साध्या मॉडेलला तो नसे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. त्या सवयीने परदेशी गाडीचाही डावा आरसा मोडला तर भोक बुजवून वरून रंग मारला जाई. आज त्या गाडीचे दार खरवडले की पत्र्यात बुजवलेले भोक सापडते. मला ते भोक कुठल्याही चकचकीत आरशापेक्षा मोलाचे वाटते. आरसा विकत मिळतो. तो कुठे होता याचा पुरावा मिळत नाही.

एक उदाहरण खास पिंपरीचे. ते स्पोर्ट्स कारचे नाही, पण मुद्दा त्याने जितका स्पष्ट होतो तितका दुसऱ्या कशाने होणार नाही. मर्सिडीज-बेंझने भारतात पहिली गाडी बांधली ती टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात, 1995 च्या सुमारास. कंपनीचा स्वतःचा चाकणचा कारखाना 2009 चा. पिंपरीतली ती गाडी म्हणजे डब्ल्यू-124 मालिकेतली ई-क्लास. या मालिकेचे दोन आरसे सारखे नाहीत: चालकाकडचा रुंद, पलीकडचा आखूड, जवळजवळ चौकोनी. पाहणाऱ्याला वाटते, एक बदललेला दिसतो. एखादा उत्साही मालक दोन्ही सारखे करून घेतो आणि आपण गाडी 'नीट' केली असे समजतो. प्रत्यक्षात त्याने मूळचेच खोडलेले असते. 1995 ची गाडी 2025 मध्ये तीस वर्षांची झाली. जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 'फिव्हा' ऐतिहासिक वाहनासाठी किमान तीस वर्षांचीच अट घालतो. म्हणजे पिंपरीत जन्मलेल्या गाड्याही आता या वादाच्या उंबरठ्यावर आल्या आहेत.

कारागिराच्या टेबलावर हा प्रश्न कसा दिसतो तेही पाहण्यासारखे आहे. जुन्या आरशांच्या खोळी पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असत. वर तांबे, निकेल आणि क्रोमचा थर. क्रोमला बारीक छिद्र पडले की ओल आत शिरते, जस्त कुजते आणि पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे उठतात. पितळेची वस्तू घासून पुन्हा प्लेट करता येते. जस्ताची मात्र आम्लात टाकून जुना थर काढताना धातूच खाऊन जाते, म्हणून अनुभवी प्लेटिंगवाला असे काम घ्यायला का-कू करतो. मग मालकापुढे दोन वाटा उरतात: व्रणांसकट जुना आरसा ठेवावा, किंवा त्यावरून नवा करून घ्यावा.

नवा करताना फसगत होते ती स्क्रूशी. ब्रिटिश गाड्यांच्या किरकोळ जोडण्यांत बीए मापाचे स्क्रू पुष्कळ असत. 2-बीए स्क्रूचा व्यास 4.7 मिलिमीटर, आट्यांतले अंतर 0.81. आपल्या वर्कशॉपमध्ये सहज मिळणारा एम-5 हा 5 मिलिमीटरचा, आट्यांतले अंतर 0.8. दोन्ही इतके जवळचे की कामगार सवयीने एम-5 चा टॅप फिरवतो आणि आरसा घट्ट बसतो. पण वाढलेल्या त्या 0.3 मिलिमीटरमुळे जुना स्क्रू त्या भोकात पुन्हा कधीच धरत नाही. उद्या कोणाला खरा आरसा सापडला तरी त्याची जागा गेलेली असते. जुन्या गाडीवर टॅप चालवण्याआधी आट्यांचा गेज लावावा, एवढी साधी शिस्त दुसऱ्या कोणत्याही खर्चिक उपायापेक्षा अधिक वाचवते.

कायद्याचे म्हणाल तर 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी या व्याख्येत बसते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. फेरफाराच्या या व्याख्येत आरशाचा उल्लेख नाही. म्हणजे आरसा मालकाच्या विवेकावर सोडलेला आहे. आजच्या गाड्यांच्या आरशांसाठी मात्र एआयएस-001 आणि तो कुठे, कसा बसवावा यासाठी एआयएस-002 अशी मानके आहेत. ती प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातलीच, वेताळ टेकडीवरची.

रॅलीपुरती का होईना, गाडी रस्त्यावर येतेच. नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकात डावीकडून कंटेनर आणि उजवीकडून दुचाक्या एकाच वेळी घुसतात. 1961 सालच्या इंग्लंडातला मोकळा रस्ता तिथे नाही. बाहेर आरसा नसलेली गाडी 'मूळ रूपात आहे' म्हणून तशीच या गर्दीत घालणे मला पटत नाही. शुद्धतेचा आग्रह शेजारच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर धरायचा नसतो. यावर जुनाच तोडगा आहे: दाराच्या कडेला चिमट्याने धरणारा आरसा. अशा आरशांची विक्री त्या काळीही होत असे. पत्र्याला भोक पडत नाही, खाली रबराची पट्टी घातली तर रंगही राहतो, आणि प्रदर्शनाच्या मांडवात पोहोचल्यावर दोन मिनिटांत काढून डिकीत ठेवता येतो.

फिव्हाच्या तुरिन सनदेचा रोखही साधारण असाच आहे. त्या काळात झालेले बदल हा गाडीच्या इतिहासाचा भाग मानावा, आताचे बदल मागे घेता येतील असे असावेत, काढलेले भाग जपून ठेवावेत आणि नव्याने घडवलेला भाग ओळखता यावा. शेवटची अपेक्षा आपल्या पट्ट्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. भोसरीत केलेला आरसा इतका उत्तम उतरतो की दोन मालक बदलले की तो 'इंग्लंडहून आलेला' म्हणून विकला जाऊ शकतो, आणि तेव्हा फसतो तो तिसरा मालक. खोळीच्या आतल्या बाजूला, काच बसवल्यावर झाकली जाईल अशा ठिकाणी, साल आणि वर्कशॉपची खूण कोरायला पाच मिनिटेही लागत नाहीत. आजवर तशी कोरण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही, कारण गिऱ्हाईकच 'खूण नको' म्हणून सांगते. ते का नको म्हणते, हे कारागिराला चांगले ठाऊक असते.