हिवतापानंतर टॉनिक? आधी रक्त तपासा

पावसाळा सरत आला की मारेगाव तालुक्यात थंडीतापाचे रुग्ण दिसू लागतात. त्यांतील काहींना हिवताप असतो. औषधाने ताप उतरतो, पण माणूस पांढराफटक दिसतो, चार पावले चालताच त्याला धाप लागते. मग नातेवाईक मला म्हणतात, "डॉक्टरसाहेब, अंगात रक्तच उरलं नाही, एखादं लोहाचं टॉनिक लिहून द्या." मागणी स्वाभाविक आहे. परंतु हिवतापात रक्त का कमी होते हे समजले, तर टॉनिकची घाई कोणी करणार नाही.

रक्त जाते कुठे?

तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. हिवतापाचा जंतू डासाच्या चाव्यातून प्रथम यकृतात जातो आणि तेथून तांबड्या पेशींत शिरतो. आत बसून तो हिमोग्लोबिन खातो, वाढतो आणि साधारण ४८ तासांत पेशी फोडून बाहेर पडतो. हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भाग जंतूला विषारी असतो, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी खडे बनवतो. क्लोरोक्विन हे खडे बनू देत नाही आणि जंतू आपल्याच अन्नातील विषाने मरतो. फाल्सिपेरम जातीच्या जंतूवर मात्र हे औषध आता भरवशाचे राहिलेले नाही. त्यासाठी आर्टेसुनेटसह मिश्र उपचार देतात.

लोह घरातच असते

जखमेतून रक्त वाहिले तर लोह शरीराबाहेर जाते. हिवतापात फुटलेल्या पेशींतील बरेचसे लोह मात्र पाणथरी व यकृतात साठून राहते. शिवाय तापात यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य अधिक सोडते आणि त्यामुळे आतड्यातून लोह नीट शोषले जात नाही. म्हणून ऐन तापात घेतलेली लोहाची गोळी बरीचशी वाया जाते.

टांझानियातील पेम्बा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह व फॉलिक ॲसिड देण्याचा प्रयोग झाला. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोह घेणाऱ्या मुलांत गंभीर आजार व मृत्यू अधिक आढळले. याचा अर्थ लोह वाईट असा नव्हे. जेथे हिवताप फार, तेथे लोह देताना हिवतापाचाही बंदोबस्त हवा, हा त्यातील धडा.

चौदा दिवसांची गोळी

व्हायवॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून राहतो व काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. बरे वाटताच अनेक जण ते सोडून देतात आणि ताप परततो. मात्र काहींच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते. अशांच्या पेशी या गोळीने फुटतात. हा दोष आनुवंशिक असून पुरुषांत अधिक दिसतो. मुंबईच्या पारशी समाजात तो आढळला, तसा अनेक आदिवासी समाजांतही आढळतो. रक्ताच्या तपासणीत तो कळतो.

आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे. त्यात रक्त कमी असते ते पेशी लवकर नष्ट होत असल्याने. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या शरीरात तर लोह जास्तच साठते. त्यांनी मनानेच टॉनिक घेणे धोक्याचे आहे.

लक्षात ठेवा

• थंडीताप येताच रक्ततपासणी करावी. गावातील आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात ती होते.
• प्रायमाक्विन गरोदर स्त्रीला व एक वर्षाखालील बाळाला देऊ नये.
• गोळी सुरू असताना लघवी काळपट किंवा कोकासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. असे काही नसेल, तर १४ दिवस पूर्ण करावेत.
• ताप गेल्यावर हिमोग्लोबिन तपासावे. ते कमीच राहिले तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी आणि मगच डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह सुरू करावे.
• गरोदर स्त्रियांनी नेहमीच्या लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने कायमच्या बंद करू नयेत.

बाटली विकत घेण्याआधी रक्ताचा एक थेंब तपासा. कमी काय आहे, ते तोच सांगेल.